टली रोडवरची पाटी नसलेली व्हिएतनामी खानावळ (सॅन होजे)

तिरफळ

बे एरियातल्या आपल्या लोकांसाठी व्हिएतनामी जेवण म्हणजे लंच अवरला फोचा (रश्शातल्या शेवयांचा) वाडगा, नाहीतर घाईत असताना बान मी, म्हणजे भरलेला पाव. बस. आणि हे कुठे, तर सॅन होजेत! व्हिएतनामबाहेर एका शहरात इतके व्हिएतनामी लोक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. लाखावर वस्ती आहे, म्हणजे दर दहा माणसांमागे साधारण एक. तरी आपण जातो ते इंग्रजी मेन्यू आणि चकचकीत फोटो असलेल्या ठिकाणीच.

तर, टली रोडला लागून जे जुने स्ट्रिप मॉल आहेत त्यातल्या एकात, नेलपॉलिशचा घाऊक माल विकणारं दुकान आणि टॅक्स रिटर्न भरून देणारं ऑफिस यांच्या मध्ये एक खानावळ आहे. पाटी आहे, पण ती आधीच्या दुकानाची. काचेला काळी फिल्म, त्यावर आतून चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद. आत आठ टेबलं. कोपऱ्यात देव्हारा, त्यात संत्री आणि उदबत्ती. शेवटच्या टेबलावर गिऱ्हाईक बसत नाही, तिथे आजी पाल्याचे ढीग निवडत असतात आणि नात गृहपाठ करते. स्वयंपाक काकूंचा, गल्ला मुलाकडे, भांडी काकांकडे. बाहेरचा नोकर एकही नाही.

रोजचे चार-पाच पदार्थ आहेत, पण लोक येतात ते शनिवार-रविवारच्या बुन रिएउसाठी. हा फोचा भाऊबंद नव्हे, वेगळंच प्रकरण आहे. मूळचा उत्तरेकडच्या भातशेतीतला पदार्थ. भातखाचरातले छोटे खेकडे कवचासकट कुटायचे, पाण्यात कालवायचे आणि फडक्यातून गाळून घ्यायचे. ते गढूळ पाणी मंद आचेवर ठेवलं की खेकड्याचं सगळं सत्त्व वर येऊन त्याची मऊ साय धरते. ती साय अलगद बाजूला काढायची, खालच्या पाण्यात टोमॅटो आणि चिंचेचा कोळ, वरून शेंदरीच्या बियांचं लाल तेल, तळलेलं टोफू, तांदळाच्या शेवया, आणि शेवटी ती साय परत वर. आमच्याकडे मालवणात कुर्ल्यांचे बारके पाय वाटून, गाळून त्या पाण्यात कालवण करतात ना, तेच तंत्र. फरक एवढाच की आपण त्यात वाटप घालून ते पाणी जाड करतो, आणि हे लोक ते पातळच ठेवून वर कच्चा पाला घालतात.

पाला म्हणजे काय, तर बाजूला परडीभर वेगळा येतो. केळफूल कच्चंच, केसासारखं बारीक चिरून लिंबाच्या पाण्यात ठेवलेलं. नाळीच्या भाजीचे देठ उभे चिरून गार पाण्यात टाकलेले, त्यामुळे त्यांचे कुरळे वळसे होतात. खाली जांभळी आणि वर हिरवी अशी तिया तोची पानं. पुदिना. मोड आलेले मूग, पण आपल्यासारखे नखाएवढे नव्हेत, चांगले बोटभर लांब वाढवलेले. हे सगळं मुठीने वाडग्यात घालायचं, बुडवायचं, खायचं, परत घालायचं. आणि एका वाटीत माम तोम, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची जांभळट पेस्ट. पहिला वास येतो तेव्हा माणूस दाराकडे बघतो. सुक्या जवळ्यावर वाढलेल्यांना मात्र अडचण येऊ नये. लिंबू पिळून थोडी साखर घालून फेटली की ती वाटी एकदम माणसाळते.

अमेरिकेत भातखाचरातले ताजे खेकडे कुठून आणणार? कुटून गोठवलेले डबे व्हिएतनामी वाणसामानाच्या दुकानात मिळतात. काकू ते वापरतात, शिवाय इथला ताजा खेकडा घालतात. हे मला मुलाने सांगितलं. काकूंना विचारलं तर त्या नुसतं हसून "खा" अशी खूण करतात.

रोख पैसेच चालतात. फोटो काढलेले आजींना आवडत नाहीत.

लोकल_स्लो

वाचूनच भूक लागली. पत्ता?

शुद्ध_तूप

वर्णन छान. पण आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनी तिथे पाणी पिऊन यायचं का? प्रत्येक गोष्टीत माशाचं पाणी असतं असं ऐकून आहे.

तिरफळ

पत्ता मुद्दाम देत नाहीये. आठ टेबलं आहेत आणि काकूंचं वय सत्तरीकडे झुकलंय. इथे लिहिलं की उद्या तीन व्हॉट्सॅप ग्रुपवर जाणार, परवा कुणीतरी रील करणार.

आगाऊ_कार्टं

पत्ता द्यायचा नाही तर धागा कशाला काढलाय? लग्नाची पत्रिका वाटायची आणि कार्यालयाचं नाव खोडायचं.

एकादशी_दुप्पट

@शुद्ध_तूप, ह्यूस्टनमध्ये बेलेअर बुलेव्हार्डच्या पट्ट्यात बरीच वर्षं राहते आणि पूर्ण शाकाहारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नुओक माम. मासे (बहुतेक मांदेलीएवढे बारके) आणि मीठ लाकडी पिंपांत थरावर थर घालून वर्षभर मुरवतात, त्यातून गळतं ते हे पाणी. मीठ घालावं तसं ते सगळीकडे असतं. सॅलडवर, बुडवायच्या चटणीत, तळलेल्या भाजीतसुद्धा. दुसरी म्हणजे भाज्यांच्या वाडग्यातलं पाणीही बऱ्याचदा हाडांचंच असतं. "मांस नको" म्हटलं की ते मांसाचे तुकडे काढून देतात, पाणी तेच राहतं. त्यामुळे "मांस नको" हे वाक्य निरुपयोगी आहे. "चाइ" म्हणा. म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, त्यात मासा, हाड, कोळंबी काहीच येत नाही. देवळातल्या काटेकोर चाइ जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतं, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांनी तिकडेच मोर्चा वळवावा. हॉटेलात मात्र कांदा-लसणाचं वेगळं विचारून घ्या.

आणि तारीख बघून जा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ बौद्ध कुटुंबं चाइ जेवतात. म्हणजे आपल्या हिशेबाने अमावास्येच्या आसपास आणि पौर्णिमेला. एरवी चाइ न बनवणाऱ्या घरगुती खानावळीतसुद्धा त्या दिवशी एक मोठं पातेलं वेगळं चढतं. सातव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा तर त्यांच्याकडे पूर्वजांची आणि आईवडिलांची, तेव्हा तर अगदीच. बहुतेक वर्षी ती आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास येते. मी कालनिर्णय बघून व्हिएतनामी जेवायला जाते, घरचे हसतात, हसू देत.

चाइ फोचं पाणी मुळा, गाजर, मक्याची कणसं, मशरूम आणि कधी पेअर घालून करतात. चांगलं असतं. खोटं मांस (गव्हाच्या ग्लूटेनचं, सोयाचं) मला आवडत नाही, टोफू मागून घ्या.

शुद्ध_तूप

हे फार कामाचं निघालं. धन्यवाद!

बोरकूट

सध्या हानोईत आहे, कामानिमित्त. इथे कुटुंबाच्या खानावळी लपलेल्या नसतात, फुटपाथवरच असतात, पण दुपारी गेलात तर मागमूस नसतो. फो सकाळचं खाणं. सहाला पातेलं उघडतं, संपलं की काम संपलं. एक घर, एक पदार्थ, अशी सरळ वाटणी. पदार्थ वाढवायचा मोह हे लोक करत नाहीत, आणि माझ्या मते सगळं यश त्यातच आहे. आपल्याकडे मिसळ चालली की दोन वर्षांत त्याच फलकावर पावभाजी, चायनीज भेळ आणि मस्तानी येते.

इथला फो आणि तिकडे अमेरिकेत मिळणारा फो यांत फरक आहे, कारण तिकडचा बहुतेक दक्षिणेचा. हानोईत वाडगा साधा. रुंद शेवया, हिरवा कांदा, पाणी नितळ. बाजूला फार तर व्हिनेगरमधला लसूण, मिरची आणि तळलेली कुरकुरीत क्वाय (पिठाच्या कांड्या). पाल्याची परडी, मोड, गोड काळा सॉस हा सगळा सायगॉनचा थाट. १९५४ च्या जिनिव्हा करारात देश दुभंगला तेव्हा आठ-दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, त्यात कॅथलिक फार. ते जाताना फो घेऊन गेले. दक्षिणेने त्यात खडीसाखर घातली, पाला घातला. १९७५ मध्ये सायगॉन पडल्यावर तो दक्षिणी फो बोटीत बसून जगभर गेला.

मसाला मात्र आपल्याला नवीन काहीच नाही. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, बडीशेप आणि मसाला वेलदोड्याच्या जातीचा एक मोठा वेलदोडा. कोरडे भाजून पुरचुंडीत बांधून सोडायचे, वाटायचे नाहीत. आलं आणि कांदा सालीसकट विस्तवावर काळे होईस्तो भाजायचे. हाडं आधी एक उकळी काढून ते पाणी फेकायचं, नाहीतर पाणी गढूळ होतं. मग तासन् तास मंद आच. उकळी फुटू द्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपल्या हाताला सगळ्यात अवघड, कारण आपली सगळी खमंग कालवणं खदखदूनच होतात.

बर्लिनची_मैना

बर्लिनची गोष्ट वेगळी आहे, सांगते.

इथे व्हिएतनामी लोक दोन दारांनी आले. पश्चिम जर्मनीत बोटीतून पळालेले निर्वासित, आणि पूर्व जर्मनीत १९८० च्या करारानुसार आणलेले कामगार. भिंत पडली तेव्हा पूर्वेकडे साठ हजारांच्या घरात कामगार होते. कारखाने बंद पडले, कंत्राटं संपली, बरेच परत गेले. जे राहिले त्यांनी फुलं विकली, कपडे विकले, स्टेशनबाहेर टपऱ्या टाकल्या. गंमत म्हणजे त्या टपऱ्यांवर व्हिएतनामी जेवण मिळायचंच नाही! जर्मन गिऱ्हाइकाला माहीत होतं ते विकायचं, म्हणून नूडल्स आणि गोड-आंबट सॉसमधलं बदक, चिनी म्हणून. घरचं जेवण घरी.

आता चित्र पालटलंय, मिटे भागात फो खायला रांगा असतात. पण खरं जेवायचं तर लिख्टेनबर्गमधलं दोंग सुआन सेंटर गाठा. बाहेरून गोदामांच्या रांगा. आत घाऊक कपडे, प्लास्टिकची फुलं, केस कापायची दुकानं, आणि मधेच एखाद्या घराची खानावळ. तिथे मी बान कुओन खाल्लं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताणून बांधलेलं फडकं, त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ हात, झाकण, आणि लगेच बांबूच्या पट्टीने उचलून आत खिमा आणि काळं मशरूम गुंडाळायचं. आजी करत होत्या, समोर उभं राहून किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यांनी शेवटी मला स्टूल दिलं.

@तिरफळ, पत्ता न देण्याबद्दल तुमच्या बाजूने. इथल्या एका ओळखीच्या जागेचं व्हिडिओने वाटोळं केलं. जुने लोक येईनासे झाले, नवे लोक दोन महिन्यांत दुसरीकडे गेले.

झुंजार_मावळा

व्हिएतनामचा विषय निघालाच आहे तर सर्वांनी हे वाचा. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं की एवढ्या बलाढ्य देशाला कसं हरवलंत, तेव्हा ते म्हणाले की आम्ही छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून गनिमी कावा शिकलो. त्यांच्या मंत्र्याने रायगडावरून माती नेली होती. जय शिवराय!

रिकामटेकडा

आलाच शेवटी! मी वाटच बघत होतो. कधी राष्ट्राध्यक्ष, कधी सेनापती, कधी परराष्ट्रमंत्री. या फॉरवर्डला मुलाखतीची तारीख नाही, वर्तमानपत्राचं नाव नाही, काहीच नाही. महाराज थोरच आहेत, त्यासाठी हानोईची चिठ्ठी लागत नाही. आणि त्या लोकांकडेही स्वतःचा इतिहास आहे हो. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ या सेनापतीने बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार खुंट रोवले, भरतीला मंगोल जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटीला ती त्या खुंटांवर अडकवून संपवली.

मिलपिटास_मामा

यावरून एक सांगून ठेवतो, कारण सॅन होजेत हे कामाला येईल.

भारतीय माणसाला व्हिएतनामी भेटला की प्रेमाने उत्तर व्हिएतनामचे कम्युनिस्ट नेते हो ची मिन्ह आठवतात. आपल्या पिढीने कोलकात्याच्या घोषणा ऐकलेल्या, अमेरिकेला नमवणारा चिवट छोटा देश म्हणून कौतुक. आमच्या ओळखीतले एक काका अशाच एका घरगुती हॉटेलात मोठ्या उत्साहाने मालकाला म्हणाले, "युअर हो ची मिन्ह, ग्रेट मॅन." मालकाने काही न बोलता बिल आणून ठेवलं. जेवण यायचं होतं अजून.

इथले लोक दक्षिणेचे, सायगॉन पडल्यावर निघालेले. कुणाचे वडील 'पुनर्शिक्षण' छावणीत वर्षानुवर्षं होते, कुणी मलेशियाच्या पुलाऊ बिदोंग बेटावरच्या छावणीत दिवस काढले, कुणाची माणसं समुद्रातच गेली. दुकानादुकानात पिवळ्या कापडावर तीन लाल पट्ट्यांचा झेंडा दिसतो तो जुन्या दक्षिण व्हिएतनामचा. आजचा लाल झेंडा त्यांना चालत नाही. १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टरला एका व्हिडिओ दुकानदाराने हो ची मिन्हचा फोटो आणि तो लाल झेंडा लावला, तर दुकानासमोर ५३ दिवस निदर्शनं चालली, हजारो लोक. आपल्या सॅन होजेत २००७-०८ मध्ये स्टोरी रोडच्या पट्ट्याला 'लिटल सायगॉन' म्हणायचं की दुसरं काही, यावरून नगरपालिका दणाणून गेली होती. तेव्हा शहराला 'हो ची मिन्ह सिटी' हे आजचं नाव न घेता 'सायगॉन'च म्हणा, आणि राजकारण काढू नका. जेवा, छान झालं म्हणा, या.

आगाऊ_कार्टं

बिल आधी, जेवण नंतर! काकांनी पैसे दिले का?

मिलपिटास_मामा

दिले. काकूंनी टेबलाखालून पाय मारला होता.

पाँडीवाला

ज्यांना सॅन होजे, बर्लिन परवडत नाही त्यांनी पुदुच्चेरीला या. गंमत नाही करत.

पाँडिचेरी आणि व्हिएतनाम दोन्ही फ्रेंचांकडे. इथली माणसं फौजेत, कारकुनीत सायगॉनला जायची, तिथे लग्नं करायची. फ्रेंचांनी इंडोचायना सोडल्यावर कित्येक कुटुंबं परत आली, आज्या व्हिएतनामी. त्या घरांमधून चा यो नावाचे तळलेले रोल इथल्या जेवणात आले, इथे त्याला 'चायो' म्हणतात आणि लग्नाकार्यात ऑर्डर देऊन करून घेतात. मी खाल्ले ते एका घराच्या ओसरीवर, आदल्या दिवशी फोन करून. सोबत कोशिंबिरीची पानं आणि आंबटगोड पाणी.

उलट दिशेनेही प्रवास झालाय. सायगॉनमध्ये तमिळ चेट्टियार सावकार होते, शहराच्या मध्यात त्यांचं मारिअम्मन देऊळ अजून आहे आणि व्हिएतनामी लोकही तिथे उदबत्ती लावतात. त्यांच्याकडची का री गा, म्हणजे नारळाचं दूध, गवती चहा आणि रताळी घातलेली कोंबडीची करी, या येण्याजाण्यातूनच आली. पावाबरोबर खातात. पावही फ्रेंचांचा, करी आपल्याकडची, नारळ त्यांचा.

खानावळवाली

बराच वेळ वाचतेय, आता राहवत नाही.

माझी स्वतःची खानावळ आहे, ठाण्यात. सासूबाईंनी सुरू केलेली, आता मी आणि नवरा चालवतो. आमच्याकडेही पाटी नीट नाही, कारण पाटीचे पैसे त्या वर्षी फ्रीजला गेले. त्यावर कुणी येऊन "अय्या, किती ऑथेंटिक, पाटीसुद्धा नाही!" म्हटलं की काय वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिरफळताई, तुमचं वर्णन सुंदर आहे, राग मानू नका. पण ही जागा लपलेली कुणापासून आहे? तुम्हीच लिहिलंय की शनिवार-रविवारी लोक येतात. म्हणजे तिथल्या सगळ्या व्हिएतनामी लोकांना ती माहीत आहे. खिडकीवर त्यांच्या भाषेत कागदही आहे. तो आपल्याला वाचता येत नाही म्हणून ती जागा 'छुपी' होत नाही. उद्या कुणी गोरा माणूस दादरच्या एखाद्या खानावळीत शिरून म्हणाला की मी एक गुप्त ठिकाण शोधलंय, तर आपण हसू ना?

दुसरं म्हणजे पत्ता लपवून तुम्ही त्यांचं भलं करताय असं तुम्हाला वाटतंय. त्यांना विचारलंत का? काकूंचं वय सत्तर आहे म्हणून गिऱ्हाईक कमी यावं, की आलेल्या पैशात एक मदतनीस ठेवता यावा? हे ठरवायचा हक्क गल्ल्यावर बसणाऱ्याचा. घरची माणसं राबतात ते बघायला गोड वाटतं, पण घरची माणसं राबतात कारण त्यांना पगार द्यावा लागत नाही. माझी मुलगी दहावीला पोळ्या लाटून अभ्यासाला बसायची. बाहेरून बघणाऱ्यांना ते चित्र फार आवडायचं.

बर्लिनताईंचा मुद्दा खरा आहे, रीलची गर्दी टिकत नाही. पण म्हणून गर्दीच नको, असं कुठलाही मालक म्हणत नाही. गर्दी मंगळवारी हवी, रविवारी नको. एवढंच.

लोकल_स्लो

खानावळवालीताईंना साष्टांग. ठाण्यात कुठे?

खानावळवाली

व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. सोमवारी बंद असते.

बर्लिनची_मैना

पगाराचा मुद्दा अगदी पटला. इथेही दुसरी पिढी डॉक्टर, फार्मासिस्ट होते आणि दुकान बंद होतं. आईवडिलांची इच्छाच ती असते. हळहळतो आपण, ते नव्हे.

तिरफळ

खानावळवाली, राग कसला. आज गेले होते, मुलाशी बोलले. दुपारची वेळ होती, तिघंचौघंच होते.

त्याने जे सांगितलं ते इथे लिहायला हरकत नाही म्हणाला. तो सोमवार ते शुक्रवार सकाळी नोकरी करतो आणि दुपारी गल्ल्यावर येतो. बहीण दुसऱ्या राज्यात नोकरीला. वडील इथे आल्यावर चिप कंपनीत असेंब्लीच्या लाइनवर होते, पुष्कळ व्हिएतनामी माणसं तेव्हा त्याच कामाला लागली. कारखाना आशियात गेल्यावर हे दुकान टाकलं. तो स्वतः पुढे चालवणार नाही, हे आईला माहीत आहे आणि तिची काही तक्रार नाही. भाड्याची मुदत आहे तोवर चालवायचं, मग बंद. मी गंभीर चेहरा केला तर तो हसायला लागला. म्हणाला, आई तर दिवस मोजतेय, तिला लास व्हेगासला जायचंय.

गर्दीबद्दल त्याचं उत्तर जवळजवळ शब्दशः ताईंचंच निघालं. शनिवार-रविवार नको, त्यातही रविवारी सकाळचं चर्चमधलं मिस्सा सुटल्यानंतर अजिबात नको, तेव्हा पातेलं अकरापर्यंत संपतं आणि ओळखीचे लोक उपाशी परत जातात. मंगळवार ते गुरुवार मात्र दुकान रिकामं असतं, तेव्हा कितीही माणसं आणा. मग मी विचारलं की बुन रिएउ तर शनिवार-रविवारीच असतं, आमचे लोक मंगळवारी येऊन काय खातील? तर म्हणाला, आदल्या दिवशी फोन करा, दहाजण असतील तर आई करेल. पौर्णिमेला चाइ असतंच (@शुद्ध_तूप, @एकादशी_दुप्पट, नोंद घ्या), त्या दिवशी आजी करतात, केळफुलाची कोशिंबीर आणि टोफू.

पत्ता व्यनिने देते. उघड्यावर लिहायला तोही नको म्हणाला, पण त्याचं कारण वेगळं. टेबलं वाढवायची परवानगी अजून मिळालेली नाही.

आणखी बारीकसारीक. हाक मारायची तर काकूंना "को ओय" म्हणा, चुटक्या वाजवू नका. पाला परत मागितला तर पैसे घेत नाहीत, पण परडी संपवल्याशिवाय मागू नका. परडीतले मोड गरम पाण्यातून काढून हवे असतील तर सांगावं लागतं. बर्फ घातलेली कॉफी आधी मागवा, कारण ती फिन नावाच्या गाळणीतून थेंब थेंब पडते आणि घाई चालत नाही. खाली कंडेन्स्ड मिल्कचा जाड थर असतो, साखर मागितलीत तर तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतील. आणि तेतला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, आठवडाभर बंद. त्याआधी केळीच्या पानात बांधून रात्रभर उकडलेले चिकट तांदळाचे बान तेत घरोघरी जातात, त्याची ऑर्डर महिनाभर आधी द्यावी लागते.

झुंजार_मावळा

मी फ्रीमाँटला असतो. फॉरवर्डचं सोडा, जेवायला येऊ का?

रिकामटेकडा

या की! शेजारी बसू.

मिलपिटास_मामा

गटग (सगळ्यांनी भेटायचा बेत) जाहीर करा मग. येत्या बुधवारी संध्याकाळी सात? मी आणि सौ. दोघं. आमच्या गाडीत तीन जागा आहेत, ८८० हायवेने जाणार.

शुद्ध_तूप

बुधवारी पौर्णिमा नाही. मी पुढच्या खेपेला. तारीख मीच काढून देतो.

आगाऊ_कार्टं

मी येतो. माम तोमची वाटी माझ्यापासून लांब ठेवा.

तिरफळ

मामा दोन, रिकामटेकडा, मावळा, कार्टं, लोकल_स्लो आणि आम्ही दोघं, आठ झाले. दहा व्हायला दोन डोकी हवीत, नाहीतर खेकडा नाही. मंगळवारी दुपारी फोन करायचाय, तोवर नावं द्या. आणि रोख आणा, मागच्या वेळी माझ्याबरोबर आलेल्यांना मॉलच्या टोकाच्या एटीएमपर्यंत पळवलं होतं.